धनगरीण, बकरी आणि हेडमास्तरांची खुर्ची

नंदुरबारात मिरचीच्या हंगामात बाजारातून एक चक्कर मारून या आणि घरी आल्यावर सदरा झटका. लाल भुकटी उडते. तोच सदरा पुढच्या वर्षी ट्रंकेतून काढून झटका, तरी उडतेच! आमच्या हायस्कूलच्या कॉमनरूमचे किस्से असेच आहेत. बास, आता संपले, असं मी चार वेळा म्हणालो असेन. दर वेळी कोणी जुना विद्यार्थी भेटतो, "सर, ती खुर्ची आठवते का?" म्हणतो आणि पुन्हा शिंका सुरू होतात.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. मी धानोऱ्याचा, नुकताच बी.ए. झालेला, गणिताचा मास्तर आणि मॅट्रिकच्या वर्गाचा वर्गशिक्षक. हेडमास्तर चिपरीकर पुण्याकडचे. ते इंग्रजी आवडीनं बोलत आणि मराठी उपकार केल्यासारखी. आमची अहिराणी कानावर पडली की त्यांचं डोकं दुखे. सरकार आपल्याला लवकरच रावसाहेब करणार याची त्यांना इतकी खात्री, की लेटरहेड छापून घेताना त्यांनी नावाच्या आधी तेवढी जागा रिकामी सोडली होती!

आणि त्यांची ती खुर्ची. सातपुड्याच्या सागाची, उंच पाठीची, वेतानं विणलेली. दोन्ही हातांच्या टोकांना कोरलेले सिंह. त्यातला एक सिंहासारखा होता आणि दुसरा मांजरासारखा. इतर मास्तरांना स्टुलं, तीही फक्त कॉमनरूममध्ये. हेडमास्तर ज्या वर्गावर जातील त्या वर्गात आधी ही खुर्ची जायची. दगडू शिपाई ती डोक्यावर घेऊन पुढे निघे आणि पाच मिनिटांनी मागून साहेब.

मी नवा होतो तेव्हा दगडूला विचारलं, "अरे, एकेक खुर्ची प्रत्येक वर्गात ठेवली तर?"

दगडूनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर, मंग साहेब येनार शेतस हाई पोरेसले कसं समजी? खुर्ची पोचनी म्हंजे साहेब पोचनात."

*

नियम असा होता की खुर्ची वर्गात आली की मुलांनी उभं राहायचं आणि साहेब बसले की बसायचं.

एकदा मी मॅट्रिकला भूमितीचं प्रमेय सांगत होतो. तास संपायला अजून अवकाश होता, तरी दगडू आत आला, खुर्ची मांडली, सिंहांच्या तोंडावरून फडकं फिरवलं आणि निघून गेला. सगळा वर्ग उभा राहिला. मीही खडू खाली ठेवून बाजूला झालो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, साहेब काही येईनात. मागाहून कळलं की त्यांचं पोट बिघडलं होतं आणि ते मागच्या दारानं घरी गेले होते. पण आम्हाला कोण सांगणार? पोरं तास संपेपर्यंत उभी!

घंटा झाल्यावर मी म्हटलं, "अरे, बसायचं होतं की!"

पुढच्या बाकावरचा म्हणाला, "सर, खुर्ची बसा म्हणाली नाही!"

हसू नका. मीसुद्धा उभाच होतो.

*

त्या वर्षी मॅट्रिकच्या इंग्रजी पुस्तकात एक कविता होती. कवी कोणी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, डोंगर, वारा आणि पडक्या भिंती यांच्यात रमणारा. गोष्ट साधी होती. एक राजा टेकडीच्या माथ्यावर दगडात आपलं सिंहासन कोरून घेतो. सगळ्या मुलखाला आपण दिसलो पाहिजे म्हणून. दुसऱ्या कोणी त्यावर बसायचं नाही असा हुकूम सोडतो. मग राजा जातो, राज्य जातं, त्याचं नावही कोणाला आठवत नाही. कवी त्या टेकडीवर पोचतो तेव्हा भर दुपारी एक धनगरीण सिंहासनावर पाय वर घेऊन भाकरी खात बसलेली असते आणि राजा पाय ठेवायचा त्या दगडावर तिची बकरी रवंथ करत असते.

बस्स, एवढीच कविता. सातवीतल्या पोरालाही कळावी अशी. हेडमास्तर मात्र ती पंधरा दिवस शिकवत होते. त्यांनी रसग्रहणाच्या नोट्स डिक्टेट केल्या, आणि प्रत्येकानं त्या तोंडपाठ करायच्या होत्या.

त्या नोट्सचा सारांश मी एका पोराच्या वहीत वाचला. 'राजाच्या पश्चात शिस्त कशी ढासळते याबद्दल कवीनं तीव्र खेद व्यक्त केला आहे. धनगरीण हे बेशिस्त जनतेचं प्रतीक होय. तिनं ट्रेसपास केला आहे. बकरी हे त्याहून वाईट गोष्टीचं प्रतीक होय. बोध: सरकारी मालमत्तेवर चौकीदार नेमावा.'

मी दोनदा वाचलं. चौकीदार! जगातला कुठलाही कवी डोंगर चढून जाईल आणि चौकीदार नेमा म्हणून परत येईल का?

धीर करून मी कॉमनरूममध्ये म्हटलं, "साहेब, कवी जरा राजाला हसतो आहे, असं नाही वाटत?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "मिस्टर, आपण त्रिकोण सांभाळा."

*

शाळा कमिटीचे चेअरमन एक मारवाडी शेठ होते. मिरचीचा मोठा व्यापार, स्टेशनजवळ वखार. शाळेत शिकवतात तरी काय, हे एकदा पाहावं म्हणून ते नेमके या कवितेच्या तासाला आले. वर्गात एकच खुर्ची, ती साहेबांची. आता चेअरमनला बसवायचं कुठे? हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. "आपण बसा" म्हणवत नव्हतं आणि "आपण उभे राहा" तर त्याहून नाही!

शेठजींनीच सोडवलं. "बसा बसा हेडमास्तरजी, आम्ही गादीवर बसणारी माणसं." असं म्हणून त्यांनी पागोटं सारखं केलं आणि प्लॅटफॉर्मवर मांडी घातली. हेडमास्तर खरोखरच खुर्चीवर बसले आणि पायाशी बसलेल्या चेअरमनला सत्तेचा गर्व कसा टिकत नाही ही कविता वाचून दाखवू लागले!

शेठजींनी लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाले, "राजा गेला, त्याचं नाव गेलं, ते ठीक हाय. पण सिंहासन टिकलं ना! काम पक्कं हाय. कारागीर कोण होता?"

हेडमास्तर गोंधळले. "ते... ते कवीनं दिलेलं नाही."

"मोठी चूक केली," शेठजी म्हणाले. मग त्यांनी मांजरासारख्या सिंहाच्या डोक्यावर हात फिरवला. "आणि ही खुर्ची कोणी केली?"

तेही हेडमास्तरांना माहीत नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या दगडूला माहीत होतं. मिस्त्रीचं नाव, गाव आणि दुसरा सिंह कोरताना त्याला ताप भरला होता इथपर्यंत सगळं!

*

नाताळच्या सुटीतली गोष्ट. हेडमास्तर पुण्याला गेले. जाताना दगडूला हुकूम, खुर्ची व्हरांड्यात ऊन दाखवायला ठेव, वेताला बुरशी येते. दगडू शाळेमागच्या खोलीत राहायचा. त्याची बायको सोनीबाई. दिवस लाल मिरच्या वाळवायचे. सोनीबाईनं जागा शोधली आणि ऐन उन्हात मांडलेली ती खुर्ची तिला सापडली. तिनं काठोकाठ मिरच्या पसरल्या. पाठीवरसुद्धा दोन माळा!

हेडमास्तर दोन दिवस आधीच परत आले. त्यांची ती गर्जना मी रस्त्यावरून ऐकली. धावत गेलो तर साहेब व्हरांड्यात थरथरत उभे. "या खुर्चीवर कोण बसतं, तुला ठाऊक आहे का?"

सोनीबाई पदर सावरत म्हणाली, "माले काय माहीत साहेब? खाले ठेवं ते बकरी तोंड घालस. हाई रिकामी व्हती, म्हनीसन ठेवी दिन्यात."

मला तिथल्या तिथे कविता आठवली. हेडमास्तरांना नाही आठवली.

दगडूनं खुर्ची पुसली, झटकली, उलटी करून बडवली. पण वेताच्या भोकांत गेलेलं मिरचीचं बी असं थोडंच निघतं? शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला साहेब बसले आणि दुसऱ्या मिनिटाला उठले. त्यानंतर दोन दिवस ते उभ्यानं शिकवत होते. मुलांना म्हणाले, "थोर काव्य हे उभं राहूनच शिकवायचं असतं." आणि खुर्ची समोर मांडलेली असल्यामुळे पोरंही दोन्ही दिवस उभीच!

*

आता सायमनचं सांगतो. हे सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

सायमन खांडबाऱ्याच्या पुढच्या डोंगरातला. ख्रिस्ती कुटुंब, थोडी शेती, उरलेले दिवस बाप रेल्वेच्या गँगवर मजुरीला. पोरगा उशिरा शाळेत आलेला, त्यामुळे मॅट्रिकला वीस वर्षांचा, मिशा असलेला. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली, म्हणून शब्द मोजून टाकायचा. त्याच्या गावातली छोटी शाळा मास्तर निघून गेल्यामुळे बंद पडली होती. सायमन मॅट्रिक झाला की ती उघडायची, असं गावानं आणि मिशननं ठरवून ठेवलं होतं. खोलीला नवी कौलंसुद्धा घातली होती! म्हणजे तो बसणार होता परीक्षेला, पण वाट सगळं गाव पाहत होतं.

मॅट्रिकला कोणाला बसू द्यायचं हे तेव्हा हेडमास्तर ठरवत. शाळेची प्रिलिम पास झालेल्यांच्याच फॉर्मवर त्यांची सही. प्रिलिममध्ये या कवितेचं रसग्रहण आलं. सगळ्या वर्गानं चौकीदार लिहिला. सायमननं लिहिलं ते मी मराठीत सांगतो, कारण त्याच्या इंग्रजीत ते याहूनही साधं होतं.

'आमच्या डोंगरावर एक सपाट दगड आहे. त्यावर कोणी नाईक बसून न्याय करायचा, असं म्हातारे सांगतात. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. माझी आई मोळी घेऊन येताना त्यावर टेकते. राजा सिंहासनावर बसला, कारण त्याला दिसायचं होतं. धनगरीण बसली, कारण ती दमली होती. कवीला धनगरीण जास्त आवडली आहे.'

मी गणितवाला माणूस, पण हे वाचून मला भरून आलं.

हेडमास्तरांनी वीसपैकी शून्य दिलं. समासात लाल शाईनं लिहिलं, 'उद्धट!' त्या शून्यापायी सायमन इंग्रजीत नापास झाला आणि फॉर्म अडला.

मी रदबदली करायला गेलो. "साहेब, मुलगा प्रामाणिक आहे."

"प्रामाणिकपणाचा पेपर मॅट्रिकला नसतो," ते म्हणाले. "त्यानं माफी लिहून द्यावी आणि खालीच बरोबर उत्तर लिहावं. मग पाहू. शनिवारच्या टपालानं फॉर्म जातील."

मी सायमनला बाहेर गाठलं. चार ओळी तर लिहायच्या आहेत, लिहून टाक, असं म्हटलं. मीच म्हटलं, वर्गशिक्षकानं!

तो म्हणाला, "माफी लिहितो, सर. पण ती बाई ट्रेसपास करायला आलीच नव्हती, ते कसं खोडू?"

"अरे, गावाची शाळा आहे तुझ्यावर."

"म्हणून तर, सर. तिथे पोरांना हीच कविता शिकवायची वेळ आली तर?"

मी पुन्हा हेडमास्तरांकडे गेलो नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती.

*

त्याच आठवड्यात गुरुवारी इन्स्पेक्टरांची शाळा तपासणी होती. हेडमास्तरांच्या डोळ्यांपुढे लेटरहेडवरची ती रिकामी जागा. शाळेला चुना, घंटेला तेल, खुर्चीला नवा वेत! इन्स्पेक्टर सकाळच्या गाडीनं सुरतेकडून यायचे होते. त्यांच्या स्वागताला हेडमास्तर जातीनं स्टेशनवर गेले. सोबत हार, दगडू आणि दगडूच्या डोक्यावर अर्थातच खुर्ची. साहेबांनी फर्स्टक्लासचा डबा लागतो त्या जागी प्लॅटफॉर्मवर ती मांडायला लावली आणि हार मांडीवर घेऊन बसले.

पुढचं दगडूनं सांगितलेलं. गाडी आली. फर्स्टमधून कोणीच उतरलं नाही. थर्डमधून एक काटकुळा गृहस्थ उतरला, हातात छत्री, काखेत वळकटी. प्लॅटफॉर्मवर भर गर्दीत सिंहांच्या खुर्चीवर बसलेला माणूस पाहून तो थबकला. जवळ येऊन त्यानं विचारलं, "हायस्कूलचा रस्ता कुठला?"

हेडमास्तरांनी मान न वळवता सांगितलं, "बाहेर टांगेवाल्याला विचारा. मी एका मोठ्या माणसाची वाट पाहतो आहे!"

गृहस्थानं खुर्चीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, दोन्ही सिंह नीट पाहिले आणि तो निघून गेला. गाडी भुसावळकडे निघून गेली, तरी साहेब बसलेलेच. पुढच्या गाडीनं येतील म्हणाले.

इकडे मी मॅट्रिकच्या वर्गावर होतो. दारात छत्री आणि वळकटी दिसली. "मी इन्स्पेक्टर," पाहुणे म्हणाले. मी इकडेतिकडे पाहिलं. वर्गात बसायला खुर्ची नाही! ते हसले आणि पहिल्या बाकाच्या कडेला टेकले. पुस्तक मागितलं आणि दैव बघा, उघडलं ते नेमकं त्याच कवितेवर.

"सांगा, कवीला काय म्हणायचं आहे?"

पहिला उठला आणि धडाधड म्हणाला, "बेशिस्त जनता, ट्रेसपास, चौकीदार!" दुसरा, तिसरा, चौथा, सगळे चौकीदार! इन्स्पेक्टरांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. आपल्या प्रतीत एखादं कडवं कमी आहे की काय, अशी त्यांना शंका आली असावी.

"याहून वेगळं कोणी सांगेल?"

मी सायमनकडे पाहिलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं. आणि त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा मास्तरासारखा वागलो. म्हणालो, "सर, त्या शेवटच्या बाकावरच्याला विचारा."

सायमन उठला. तो दगड, ती मोळी, दमलेली आई, दमलेली धनगरीण, सगळं त्यानं पेपरात लिहिलं होतं तसंच सांगितलं. इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"फार सुंदर. हे तुला कोणी शिकवलं?"

खरं सांगावं तर हेडमास्तर त्याला कायमचे उखडणार. खोटं तो बोलायचा नाही, हे मला ठाऊक होतं.

सायमननं नेहमीसारखे शब्द मोजले. "हेडमास्तरसाहेबांनी, सर."

"असं? कसं शिकवलं?"

"रोज वर्गात खुर्ची आणून, सर."

इन्स्पेक्टरांनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला. नेमकं त्याच वेळी फाटकातून दगडू आत येत होता. डोक्यावर खुर्ची, मागे हातात सुकलेला हार घेतलेले साहेब. खुर्ची दारात येताच सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. इन्स्पेक्टरही उभे राहिले!

*

शेरेबुक शुक्रवारी दुपारी आमच्या हाती आलं. हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफला बोलावून तो शेरा स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला. स्टेशनवरच्या गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता. लिहिलं होतं:

'सत्ता आणि गर्व यांच्या क्षणभंगुरतेवरील कविता शिकवताना हेडमास्तर प्रत्यक्ष खुर्चीचा जो उपयोग करतात, तो इतर शाळांनी पाहण्यासारखा आहे. त्यांची शिकवण पूर्णपणे उमगलेला विद्यार्थी म्हणजे सायमन. तो मॅट्रिकला बसून शाळेचं नाव काढील, अशी मला खात्री वाटते.'

"पूर्णपणे उमगलेला!" हेडमास्तरांनी तेवढं दुसऱ्यांदा वाचलं. आम्ही सगळे जमिनीकडे पाहत होतो, एकमेकांकडे पाहायची कोणाची छाती नव्हती. मग त्यांनी सायमनला बोलावलं, खुर्चीच्या हातावर फॉर्म ठेवला आणि सही केली. मी तो फॉर्म जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि शनिवारची वाट न बघता धावत पोस्टात गेलो.

परत आलो तर साहेब मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते. सोमवारी तो काचेच्या फ्रेममध्ये बसून आला. पहिली घंटा झाली. दगडूनं सवयीनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि टेबलावरच्या फ्रेमकडे पाहून विचारलं, "साहेब, आते हाई फ्रेम बी वर्गमा लई जानी शे का?"

हेडमास्तरांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "अर्थात! आधी फ्रेम, मग खुर्ची, मग मी."